दुसऱ्या डिस्कवरची ताई

दुकानात गिऱ्हाईक सिनेमाच्या डिस्कचा डबा उचलतं, पुढचं चित्र बघतं, आणि मग तो उलटा करून मागचं वाचतं की नाही, यावर कात्रीचा सुट्टीचा दिवस बरा जाणार की वाईट ते ठरायचं. सुट्टीला माणसं झोपा काढतात, नातेवाइकांकडे जाऊन त्यांचं डोकं खातात. ही बाई डिस्कच्या दुकानात कपाटाच्या आडोशाला उभी राहायची, हातात कुठला तरी डबा धरून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून. कुणी डबा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला डोळे किलकिले केले, की तिला आतून बरं वाटायचं. कारण ती बारीक अक्षरं म्हणजे सगळं तिचं काम. सिनेमा कसा बनला त्याची फिल्म, मुलाखती, काढून टाकलेले प्रसंग, आणि सगळ्यात शेवटी ‘पडद्यामागची फजिती’.

आणि कुणी म्हणालं, “बोनस-बिनस नको हो, साधी एकच डिस्कवाली द्या,” की तो माणूस तिच्या मनातून कायमचा उतरायचा. पुढे तो रस्त्यात दिसला तरी ही त्याच्याकडे पाठ फिरवायची. त्या बिचाऱ्याला कुठून कळणार आपण काय पाप केलं ते.

डिस्क काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती बोनस तयार करायची. कात्री हे नाव तिथेच पडलं आणि हळूहळू घरापर्यंत आलं. सिनेमावाले शूटिंगचं सगळं सामान पाठवून द्यायचे, चांगलं, वाईट, अर्धवट, कॅमेरा चुकून चालू राहिलेला ते पण. कात्री बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची, शेजारी चहाचा कप, ज्यावर साय धरलेली असायची. त्या ढिगातून माणसाची चूक उचलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस चुकणार आहे हे तिला त्याच्या खांद्यांवरून आधीच कळायचं.

एका नामवंत म्हाताऱ्या नटाचे गुडघे दुखायचे. खुर्चीत बसताना दर वेळी त्याच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघायचा, दार कुरकुरल्यासारखा. सिनेमात तो आवाज काढून टाकला होता. कात्रीने ते सगळे आवाज शोधून एकापुढे एक लावले आणि मागे वाजंत्री घातली. ऑफिस पोट धरून हसलं. नटाने फोन करून मालकांना नाही नाही ते ऐकवलं, आणि ती डिस्क दुकानांतून हातोहात उचलली गेली. कात्रीला त्या नटाचं काहीही वाटलं नाही. तिचं म्हणणं, पडद्यावर यायची हौस असते ना, मग पूर्ण या.

मालक होते गोल चेहऱ्याचे, बोलायला गोड, आतून पक्के व्यापारी. ते म्हणायचे, “सिनेमा काय, टीव्हीवर फुकट लागतो. माणूस खिशात हात घालतो तो दुसऱ्या डिस्कसाठी.” या एका वाक्यासाठी कात्री त्यांच्याकडे वर्षानुवर्षं राबत राहिली. तसं तिला दुसऱ्या कुणी काही म्हटलंच नव्हतं.

घरी कोण म्हणणार? घरी ती आणि आई. आणि आईच्या तोंडी उठता-बसता ताई.

ताई म्हणजे मोठी बहीण. उंच, आवाज खणखणीत, हसली की समोरचाही हसायचा. शाळेच्या नाटकात ताई राणी झाली होती आणि त्याच नाटकात कात्री पडदा ओढायला होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय, कुणीतरी ओढायलाच हवा. खरंय. पण नाटक संपल्यावर आई मागे आली, राणीला जवळ घेतलं, आणि धाकटीला म्हणाली, “पडदा जरा अडकला होता बघ मधे.” कात्रीला ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवायचं.

ताई पुढे हौशी नाटकांत कामं करत राहिली. सिनेमात मिळालं तर गर्दीत तिसरी, हॉटेलात पाठमोरी बसलेली, असलं काहीतरी. लग्न झालं, भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं, मुलगी झाली, पण ताईचं वेड काही गेलं नाही. रविवारी सगळे आईकडे जेवायला यायचे. तेव्हा एकदा कात्रीने आपली नवी डिस्क आणून टेबलावर ठेवली, मोठ्या अपेक्षेने. ताईने डबा हातात घेतला, पुढचं चित्र बघितलं आणि उलटा न करताच खाली ठेवला.

“आम्ही तर सिनेमा संपला की डिस्क काढूनच ठेवतो,” ताई म्हणाली. “ते शेवटचं उरलंसुरलं कोण बघतं गं?”

“असतील काही रिकामटेकडे,” भाऊजी म्हणाले.

आई हसली. ताईच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि तेच कात्रीला सहन झालं नाही. मुद्दाम टोचलं असतं तर उलटून बोलता तरी आलं असतं.

मग एक दिवस ताई घामाघूम होऊन आईकडे आली. मोठ्या सिनेमात काम मिळालं होतं. चेहरा दिसणारं, वाक्य असणारं. डोंगरात बस दरीत पडते, आणि नायकाची आई बसडेपोच्या खिडकीवर चौकशीला येते. खिडकीमागची कारकून म्हणजे ताई. तिने वर बघून म्हणायचं, “तुमचा मुलगा त्याच गाडीत होता. घरी जा, बाई.” बस. एवढंच. पण हे एवढंच ताईने घरभर फिरून इतक्या वेळा म्हटलं, की भाऊजी दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा देताना ‘घरी जा, बाई’ म्हणून बसले.

“या वेळी सिनेमात आहे हं मी,” ताई कात्रीचा गाल ओढत म्हणाली. “तुझ्या त्या उरल्यासुरल्यात नाही.”

कात्री म्हणाली, “छान झालं.” तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही.

सिनेमा लागला. आख्खं कुटुंब नटूनथटून गेलं, भाऊजींनी दुकान बंद ठेवलं, भाचीने मैत्रिणी गोळा करून आणल्या. आईला तेव्हा धाप लागायला लागली होती, ती घरीच राहिली. पडद्यावर बस दरीत पडली, आणि पुढच्या क्षणाला नायकाची आई घरात रडत बसलेली. मधला बसडेपो गायब. भाऊजींना वाटलं आपला डोळा लागला. भाची मैत्रिणींकडे बघेना. ताई शेवटची नावं संपेपर्यंत बसून राहिली, झाडूवाली खुर्च्यांखालून झाडू फिरवायला लागली तरी उठेना. नावांतही तिचं नाव नव्हतं. पुढे कळलं, सिनेमा लांबला म्हणून डेपोचा प्रसंगच्या प्रसंग काढला होता.

एक कात्री सोडली तर सगळ्यांना वाईट वाटलं. तिलाही वाटलं नाही असं नाही, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते गोड लागत होतं.

त्याच सिनेमाची डिस्क काढायचं काम कात्रीच्या कंपनीकडे आलं. ते ताईला कसं कळलं कोण जाणे. ती ऑफिसात आली, पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत धाकटी कुठे बसते हे तिने कधी बघितलं नव्हतं. बिनखिडकीच्या खोलीत ती उभीच राहिली, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

“सगळं तुझ्याकडे येणार ना?” तिने विचारलं. “कापलेलं पण?”

“येणार.”

“मग माझा तेवढा प्रसंग टाक ना. त्या दुसऱ्या डिस्कवर. काढलेले प्रसंग असतात ना, त्यात.”

कात्रीने चहाच्या कपावरची साय चमच्याने बाजूला केली. “ते उरलंसुरलं कोण बघतं गं, ताई?”

ताईचा चेहरा पडला. पण ती मुकाट्याने ते गिळून म्हणाली, “मी बघेन. आई बघेल. आईचं काही खरं नाही, तुलाच माहीत आहे. जन्मभर माझं कौतुक केलं तिने, आणि दाखवायला माझ्याकडे एक पाठ सोडून काही नाही. एकदा तिला दिसू दे.” मग आवाज खाली करून म्हणाली, “सुरुवातीला माझं फार चुकत होतं. ती खिडकीची झडप सारखी पडायची. पण शेवटचा टेक नीट झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माहितेय? आख्ख्या सेटने. तो टेक घे.”

“बघते,” कात्री म्हणाली.

सामान आलं. कात्रीने बाकी सगळं बाजूला सारून आधी डेपो काढला. खिडकीला लाकडी झडप होती, वर सरकवून ठेवायची. तिचा खटका खराब होता. ताई वर बघायची, ‘तुमचा मुलगा त्याच गाडीत होता’ इथपर्यंत उत्तम म्हणायची, ‘घरी जा, बाई’ म्हटलं की झडप धाडकन खाली. पहिल्यांदा सगळे हसले, ताईसुद्धा. पुन्हा. पुन्हा धाडकन. एकदा तिच्या बोटांवर आली. मग ताई झडप पडायच्या आधीच दचकायला लागली. ‘घरी जा’ म्हणतानाच मान खांद्यात घालायची, डोळे मिटायची, आणि नेमकी त्या वेळी झडप पडायचीच नाही. ती एक डोळा उघडून वर बघायची, आणि तेव्हा पडायची. कॅमेऱ्यामागे लोक हसून हसून बेजार झालेले ऐकू येत होते. मधे एकदा ताईने तोंड हातांनी झाकलं, तिचे खांदे हलत होते. ती हसत नव्हती. कुणी तिला पाणी आणून दिलं, आणि डायरेक्टर कुणाला तरी म्हणाला, “हिला कुणी आणलं?”

आणि मग शेवटचा टेक. ताईने वर बघितलं. ‘तुमचा मुलगा त्याच गाडीत होता,’ म्हणाली. झडप सुटली. ताईने तिच्याकडे न बघताच हात वर नेला आणि तळव्यावर ती झेलली. तशीच धरून ठेवली, त्या बाईचं तोंड आपल्याला दिसत राहावं म्हणून. आणि मग हळू आवाजात, घरातल्या माणसाला सांगतात तसं, म्हणाली, “घरी जा, बाई.” हात थरथरत होता, पण तिने झडप पडू दिली नाही. सेटवर कुणाचा आवाज नाही. मग डायरेक्टरचा आवाज आला, “हेच. हेच हवं होतं मला.” आणि टाळ्या. खूप वेळ.

कात्रीने तो टेक पुन्हा बघितला. मग पुन्हा. तो तिला आवडला, याचाच तिला राग आला. इतकी वर्षं ताई चांगली आहे हे सगळे म्हणत होते, आणि कात्री मनातल्या मनात म्हणत होती, कसली चांगली, गर्दीत तिसरी. आता बघा. खरंच चांगली होती. आणि हे जगात फक्त कात्रीच्या हातात होतं.

ती मालकांकडे गेली. ताई आपली बहीण आहे हे तिने सांगितलं नाही. मालक म्हणाले, “काढलेले प्रसंग लोक अर्ध्यात बंद करतात. हसण्यासारखं असेल तर फजितीत घे. दोन्ही घ्यायचं असेल तर दोन्ही घे. तुझी डिस्क, तू ठरव.”

तर असं आहे. पुढे कुणी म्हणायला नको की मालकांनी करायला लावलं. जागा होती, परवानगी होती.

कात्रीने फजिती कापली. जन्मातलं सगळं कसब त्यात ओतलं. झडपेला भांडं आपटल्याचा आवाज लावला. दचकणं एकामागून एक असं बसवलं, की बघणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. तोंड झाकून रडतानाचे हलणारे खांदे तिने हसण्याच्या आवाजाला जोडले. आता कुणीही शपथेवर सांगितलं असतं की ताई हसतेय. शेवटी तिने तो चांगला टेक लावून बघितला. हसू थांबलं. सगळं एकदम गंभीर झालं, आणि आधीचा एकेक धाडकन आता हसण्याजोगा राहिला नाही. कात्रीने स्वतःला सांगितलं, फजिती हसण्यावरच संपायला हवी, हा धंद्याचा नियम आहे. नियम खरा होता. ‘काढलेले प्रसंग’ या यादीत तो टेक वेगळा ठेवायला कुठलाच नियम आड येत नव्हता. तिथे तिने नायकाचं एक कापलेलं गाणं टाकलं.

मनाला ती म्हणाली, असू दे, बोनस कोण बघतंय?

आता ही बाई कोण, तर जन्मभर दुकानांत उभी राहून लोक बोनस बघतात की नाही हे बघणारी. ज्याने डबा उलटा केला नाही त्याच्याकडे पाठ फिरवणारी. तिने स्वतःच्या तोंडाने हे म्हणावं. पण माणसाला स्वतःची समजूत काढायची असली की तो कुणाचंही वाक्य उसनं घेतो.

डिस्क दुकानात आली त्या दिवशी ताईला दम निघाला नाही. कात्री आणेल तोवर थांबायचं सोडून ती स्वतः विकत घेऊन थेट आईकडे आली. पाठोपाठ भाऊजी, भाची. आईला उशा लावून बसतं केलं. कात्री कामावरून आली तेव्हा ताई टीव्हीसमोर गुडघे टेकून बसली होती आणि ‘काढलेले प्रसंग’ दुसऱ्यांदा बघत होती.

“यात नाही गं,” ती म्हणाली. “गाणंच आहे नुसतं.”

“फजितीत आहे,” कात्री म्हणाली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली.

तिथून तिला सगळं ऐकू आलं. आधी भाची खुदकन हसली. मग भाऊजी, आधी आवरून, मग न आवरता. आणि मग एक आवाज, जो तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. आई हसत होती. धाप लागलेली बाई, दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती, ती खोकत खोकत हसत होती. कात्री दारात येऊन उभी राहिली. आईने तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले.

“हे तू केलंस?” आई म्हणाली. “अगं, किती छान करतेस तू. कधी दाखवलं नाहीस.”

कात्री या वाक्यासाठी चाळिशी ओलांडेपर्यंत थांबली होती. मिळालं ते असं मिळालं, आणि तिने ते घेतलं.

“पुन्हा लाव,” आई म्हणाली. “ती मान आत घेते ना, ते.”

ताईने स्वतःच्या हाताने पुन्हा लावलं.

नंतर ताई कप विसळायला आत आली. नळ तिने सोडलाच नाही, नुसती कप धरून उभी राहिली. बाहेर भाऊजी भाचीला मान खांद्यात घालून दाखवत होते.

“शेवटचा टेक नव्हता का त्यात?” ताईने विचारलं. “नीट झालेला?”

“नीट झालेला कुठला?” कात्री म्हणाली.

“अगं, मी झडप हाताने धरली तो. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.”

इथे कात्री थांबू शकली असती. सापडला नाही म्हणाली असती, खराब निघाला म्हणाली असती, मालकांवर ढकललं असतं. ताईने ते मानलं असतं आणि टाळ्या तिच्याजवळ राहिल्या असत्या. पण बाहेर आई अजून हसत होती, आणि कात्रीला आज पहिल्यांदा पडदा ओढायला कुणी ठेवलं नव्हतं.

“ताई, मी सगळं बघितलंय,” ती म्हणाली. “एकही नीट नव्हता. त्या टाळ्या संपलं एकदाचं म्हणून वाजवल्या गं. सुटलो म्हणून.”

ताईने कप खाली ठेवला. “डायरेक्टर म्हणाले होते, हेच हवं होतं.”

“चेष्टेने म्हणाले. सगळे हसत होते मागे.”

ताईने तो कप पुन्हा उचलला. मग म्हणाली, “असेल. मला आपलं वाटलं.” आणि नळ सोडून कप विसळायला लागली. ताई असं कधी कुणाचं लगेच मानायची नाही, पण धाकटीचं तिने मानलं. धाकटीने सगळं बघितलं होतं.

बोनस कोण बघतं? सगळ्यांनी बघितला. सिनेमा तसा बेताचाच होता, डिस्क खपली ती त्या फजितीवर. दुकानांत लोक सिनेमाचं नाव विसरून ‘ती घरी जा बाईवाली द्या’ म्हणायला लागले. कपाटाच्या आडोशाला उभं राहायची आता गरज नव्हती, जो तो डबा उलटा करून खात्री करून घेत होता. ताई भाजी घ्यायला गेली की मागून कुणीतरी म्हणायचं, “घरी जा, बाई,” आणि मान आत घ्यायचं. भाऊजींच्या दुकानात माणसं चष्म्याच्या नावाखाली तिला बघायला यायची. भाऊजींना राग यायचा, पण गिऱ्हाईक वाढलं हेही खरं होतं. एका सिनेमावाल्याने तिला बोलावलं तर झडप पडल्यावर दचकायलाच बोलावलं. ताई गेली नाही. नाटकाची तालीमही सोडली. विचारलं की म्हणायची, “आपल्याला जमत नाही हे कळायला मला जरा उशीरच झाला.”

आई त्याच थंडीत गेली. शेवटपर्यंत तिला ती फजिती लावून द्यावी लागायची. ताई तिला पडद्यावर दिसली म्हणायची तर तेवढीच दिसली.

वर्ष-दीड वर्षाने मालकांनी कात्रीला बोलावलं. टेबलावर लोकांची पत्रं पडली होती. “त्या झडपवाल्या बाईला शेवटी जमलं का, असं विचारतायत,” मालक म्हणाले. “बरेच जण. नवी आवृत्ती काढू, वर छापू, ‘अखेर जमलं’. असेल ना असा टेक?”

मालकांना कशाचाच पत्ता नव्हता. ते सहज विचारत होते. कात्री एक शब्द बोलली असती तर ताई डब्याच्या मागे बारीक अक्षरात नाही, पुढे ठळक अक्षरात आली असती. पण मग ताईने विचारलं असतं, आणि स्वयंपाकघरातलं ते बोलणं दोघींमध्ये येऊन उभं राहिलं असतं. टेक असेल तर कात्री खोटी ठरत होती.

“नाही,” ती म्हणाली. “जमलंच नाही तिला.”

मालक हळहळले आणि पत्रं कचऱ्यात टाकली. कात्री आपल्या खोलीत आली, दार लावलं आणि तो टेक काढला. अजून होता. इतक्या दिवसांत तिने तो अधूनमधून बघितला होता, एकटीने. एकदा शेवटचं बघितलं. झडप, तळवा, थरथरणारा हात. हेच हवं होतं मला. टाळ्या पूर्ण होऊ दिल्या. मग पुसून टाकला, आणि कुठे दुसरी प्रत राहिली नाही ना हेही बघितलं. या कामात ती पहिल्यापासून चोख.

पुढे भाचीचं लग्न ठरलं आणि दोन्हीकडची माणसं ताईच्या घरी जेवायला जमली. मुलाकडच्या एका काकांनी ताईला ओळखलं. “अहो, तुम्ही त्याच ना?” झालं, सगळे मागे लागले, करून दाखवा, करून दाखवा. कात्रीला वाटलं ताई उठून आत जाईल. ताईने हात पुसले, खुर्ची सरकवली आणि उभी राहिली.

तिने वर बघितलं. “तुमचा मुलगा त्याच गाडीत होता,” म्हणाली. मग मान खांद्यात घातली, डोळे मिटले, थांबली. थांबून राहिली. एक डोळा हळूच उघडला, आणि सगळं टेबल हसून कोसळलं. वेळ इतकी अचूक साधली होती, की कुठे किती थांबायचं हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. हे कळणारं माणूस तिथे एकच होतं, आणि ते ताटाकडे बघत होतं.

“पण शेवटी जमलं की नाही?” काकांनी डोळे पुसत विचारलं.

“ते हिला विचारा,” ताई म्हणाली आणि कात्रीच्या खांद्यावर हात ठेवला. “आमच्या धाकटीने सगळं बघितलंय. काय गं, एकदा तरी नीट आलं होतं का?”

ताई हसतच विचारत होती. पण खांद्यावरचा हात थोडा घट्ट झाला होता, आणि तो किंचित थरथरत होता. कात्रीला तो हात ओळखू आला. सगळे तिच्याकडे बघत होते. आता हो म्हणावं तर दाखवायला काही उरलं नव्हतं.

“एकदाही नाही,” कात्री म्हणाली.

पुन्हा हशा झाला, आणि त्यात ताईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. हात खांद्यावरून निघाला. मग ती वाकली, कात्रीचं ताट बघितलं, “काहीच खाल्लं नाहीस तू,” म्हणाली, आणि तिला आग्रहाने वाढायला लागली.